दोन साक्षीदार

जपानमध्ये अणुबॉम्बच्या तडाख्यातून वाचलेल्यांना, म्हणजे हिबाकुशांना, सरकारकडून एक आरोग्य-पुस्तिका दिली जाते. ती जवळ असली की औषधोपचाराचा खर्च सरकार उचलते, नियमित तपासण्या विनामूल्य होतात आणि ठरावीक आजार असल्यास दरमहा भत्ताही मिळतो. ती मिळवण्यासाठी अर्जदाराला आधी बरेच काही सांगावे लागते. बॉम्ब पडला त्या क्षणी आपण कोठे होतो, ते ठिकाण स्फोटकेंद्रापासून किती अंतरावर होते, पुढच्या दोन आठवड्यांत शहरात कोठे कोठे गेलो, आणि हे सारे खरे आहे असे सांगणारे कोण आहे. त्या काळचा एखादा सरकारी कागद हाती असेल तर उत्तम. नसेल तर दोन साक्षीदार उभे करावे लागतात, आणि ते जवळच्या नात्यातले असून चालत नाहीत.

हिबाकुशांविषयी मी बरीच वर्षे जे मिळेल ते वाचत आले आहे, पण या अटीपाशी मी जितकी अडखळले तितकी जखमांच्या वर्णनांपाशीही अडखळले नव्हते. त्या सकाळी शेजारी जे उभे होते, तेच तर गेले होते. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ रोजी हजारो शाळकरी मुले-मुली शहराच्या मध्यभागी जुनी घरे पाडण्याच्या कामाला जुंपलेली होती. हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे तयार करण्याचे ते काम होते. सव्वाआठ वाजता त्यांच्यातले बहुतेक जण उघड्यावर होते. त्या तुकडीतली एखादी मुलगी आजारी पडून घरी राहिल्यामुळे किंवा भिंतीच्या आडोशाला असल्यामुळे वाचली असेल, तर तिने बारा वर्षांनी, पुस्तिका मिळू लागली तेव्हा, वर्गातल्या कोणत्या मैत्रिणीला साक्षीला बोलवायचे? आज जेथे शांतता स्मारक उद्यान आहे, ते नाकाजिमा त्या वेळी दुकाने, घरे, देवळे यांनी गजबजलेली दाट वस्ती होती. तेथले शेजारीपाजारी तर वस्तीसकट नाहीसे झाले.

आणि हे सारे सिद्ध करायचे ते अशा समाजात, जेथे हीच गोष्ट लपवली नाही तर लग्न जमत नसे आणि नोकरी टिकत नसे. एका हाताने लपवायचे आणि दुसऱ्या हाताने सिद्ध करायचे, या कात्रीत ही माणसे पुढची कित्येक दशके जगली. अणुबॉम्बच्या कथेत आपण त्या एका क्षणावर इतके खिळून जातो की ही लांबलचक, कागदपत्रांनी भरलेली कथा आपल्यापर्यंत फारशी पोहोचतच नाही. कागदी करकोचे करणारी सादाको सासाकी आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असते. ती बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी बाराव्या वर्षी ल्युकेमियाने गेली. सादाकोच्या वयाची जी मुले जगली, मोठी झाली, ज्यांनी स्थळे पाहिली आणि नोकरीचे अर्ज भरले, त्यांची गोष्ट मात्र कोणी मुलांना सांगत नाही, कारण तिच्यात शेवट गाठणारे असे काही घडत नाही.

पुस्तिका मिळू लागली ती १९५७ च्या कायद्यामुळे. त्याआधीची बारा वर्षे सरकारदरबारी हिबाकुशा नावाचा वेगळा वर्गच नव्हता. युद्ध संपल्यावर दोन-तीन महिन्यांत तातडीची मदतकेंद्रे बंद झाली. १९ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकी लष्करी प्रशासनाने वृत्तपत्रांसाठी नियमावली काढली आणि बॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने लिहिणे अशक्य होऊन बसले. जपानी वाचकांना हिरोशिमा-नागासाकीची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाली ती देशावरचा अमेरिकी ताबा संपल्यानंतर, ‘असाही ग्राफ’ या नियतकालिकाच्या ऑगस्ट १९५२ च्या अंकात. याचा अर्थ असा की केस गळणारे, हिरड्यांतून रक्त येणारे, अंगावर जांभळे ठिपके उमटणारे लोक आपल्याला काय झाले आहे हे न कळता सात वर्षे जगले, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही ते कळले नाही. ज्ञान नसले की त्याची जागा अफवा घेते. हा रोग लागट आहे, यांच्यासोबत न्हाणीघरात उतरू नये, यांच्या हातचे खाऊ नये, असे समज सार्वजनिक स्नानगृहांच्या त्या देशात पसरायला वेळ लागला नाही.

दिसणाऱ्या जखमांची निदान नोंद तरी होत होती. भाजल्यावर त्वचेवर जाड, ताणलेले, लालसर व्रण उठत. त्यांना केलॉइड म्हणतात, आणि ते शस्त्रक्रियेने काढले तरी पुन्हा उठत. त्याहून कठीण अवस्था होती ती वरवर धडधाकट दिसणाऱ्यांची. सकाळी उठवत नाही, थोड्या श्रमाने गळून जायला होते, तपासण्यांत काहीच सापडत नाही. अशा माणसाला कारखान्यातला मुकादम आळशी ठरवतो आणि घरचेही हळूहळू तसेच समजू लागतात. ‘बुराबुरा’ म्हणजे नुसते लोंबकळत राहणे, असे या दुखण्याला लोकांनी नाव ठेवले. रोजंदारीवर जगणाऱ्याला असे दुखणे म्हणजे उपासमारच. हिरोशिमातल्या मोतोमाची भागात नदीच्या काठाने फळ्या आणि पत्रे जोडून उभ्या राहिलेल्या झोपड्यांच्या रांगांना लोक ‘अणुबॉम्ब झोपडपट्टी’ म्हणत. तेथे हिबाकुशा होते, परमुलखातून परतलेले होते, कोरियन होते. शहराचे रुंद रस्ते, उद्याने आणि स्मारके उभी राहिली, जगभरचे पाहुणे येऊ लागले, तरी ती वस्ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पुरती हटली नव्हती.

याच काळात हिजियामा नावाच्या टेकडीवर अमेरिकेने स्थापन केलेल्या अणुबॉम्ब हानी आयोगाच्या अर्धगोल छपरांच्या इमारती उभ्या राहिल्या. घरी मोटार यायची, हिबाकुशाला टेकडीवर नेले जायचे, कपडे उतरवून तपासणी व्हायची, रक्त घेतले जायचे, छायाचित्रे काढली जायची आणि पुन्हा घरी सोडले जायचे. उपचार करणे हे आयोगाचे कामच नव्हते. गर्भवतींच्या नोंदीची पद्धत मला विशेष सुन्न करणारी वाटते. युद्धोत्तर टंचाईत गरोदर बाईला पाचव्या महिन्यापासून वाढीव शिधा मिळत असे आणि त्यासाठी तिला सरकारी नोंद करावी लागे. आयोगाने आपली प्रश्नावली नेमकी त्याच नोंदणीला जोडली. १९४८ ते १९५४ या काळात सुमारे ७७ हजार नवजात बालके अशा रीतीने तपासली गेली. पोटातल्या बाळासाठी चार घास जास्त मिळावेत म्हणून रांगेत उभी राहिलेली बाई त्याच रांगेतून संशोधनाच्या वहीत जात होती.

न्यायाने बोलायचे तर या संशोधनाचे मोल नाकारता येत नाही. किरणोत्सर्गापासून कामगारांना व रुग्णांना जपण्याचे आज जगभर जे नियम आहेत, ते बऱ्याच अंशी याच माणसांच्या शरीरांवर आधारलेले आहेत. ज्या प्रश्नाने हजारो घरांची झोप उडवली होती, त्याचे उत्तरही याच अभ्यासातून आले: हिबाकुशांच्या पुढील पिढीत आनुवंशिक दोषांचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढल्याचे आढळलेले नाही. पण स्थळ पाहायला आलेल्या मंडळींना संशोधनाचे निष्कर्ष ऐकवून लग्न जमत नसते. जपानमध्ये लग्नापूर्वी खासगी चौकशी संस्थांकडून घराण्याची माहिती काढण्याची रीत होती, आणि मुलगी हिरोशिमाची किंवा नागासाकीची आहे एवढे कळले तरी बोलणी थांबत. म्हणून अनेकांनी गाव सोडले, मोठ्या शहरांच्या गर्दीत मिसळून गेले, जन्मगाव विचारले तर जिल्ह्याचे नाव मोघमपणे सांगू लागले. पुस्तिका मिळत असूनही कित्येकांनी ती घेतली नाही, कारण घरात तसा कागद असणे म्हणजेच पुरावा असणे. काहींनी ती मुलामुलींची लग्ने झाल्यावर घेतली.

सुनाओ त्सुबोई यांची हकीकत त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलेली असल्यामुळे येथे लिहिता येते. वीस वर्षांचा हा विद्यार्थी स्फोटकेंद्रापासून सुमारे १.२ किलोमीटरवर रस्त्यात होता. सर्वांगाने भाजलेला तो मुलगा शुद्धीवर आला तेव्हा महिन्याहून अधिक काळ लोटला होता आणि युद्ध संपले होते. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले, मुलांना स्वतःची ओळख ‘पिकादोन मास्तर’ अशी करून देऊ लागले. ‘पिका’ म्हणजे लखलखाट आणि ‘दोन’ म्हणजे धडाका. एका मुलीवर त्यांचे प्रेम जडले, पण हा मुलगा फार दिवस जगायचा नाही म्हणून तिच्या आईवडिलांनी लग्नाला नकार दिला. दोघांनी मिळून झोपेच्या गोळ्या घेतल्या. गोळ्या पुरेशा नव्हत्या, म्हणून दोघे वाचले. आणि काही वर्षांनी का होईना, लग्न झाले. फार दिवस जगायचे नाहीत असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले ते त्सुबोई २०१६ मध्ये हिरोशिमाला आलेल्या बराक ओबामांचा हात हातात घेऊन हसतखेळत बोलले आणि २०२१ मध्ये ९६ व्या वर्षी गेले. त्यांना आयुष्यभर कर्करोगाने व रक्तक्षयाने पिडले होते. ती भीती निराधार नव्हती, आणि तरीही ती चूक ठरली; सासरच्या मंडळींना दोष देताना माझी लेखणी जरा थबकते ती यामुळेच.

नागासाकीचे सुमितेरू तानिगुची सोळा वर्षांचे होते आणि सायकलवरून टपाल वाटत होते. त्यांची पाठ पूर्ण भाजली. ते एक वर्ष नऊ महिने पालथे पडून होते. तेवढ्या काळात छातीवर अंथरुणाच्या जखमा होऊन मांस झडले आणि बरगड्यांचा आकार कायमचा बदलला. जखमा साफ करताना परिचारिकांना ते मला मारून टाका असे ओरडून सांगत. जानेवारी १९४६ मध्ये एका अमेरिकी पथकाने त्यांच्या लालभडक पाठीचे रंगीत चित्रण केले. १९४९ मध्ये ते इस्पितळातून सुटले आणि टपालखात्यातल्या कामावर परत गेले. ते चित्र जपानमध्ये प्रसिद्ध झाले १९७० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर; मध्यंतरीच्या काळात त्यांच्या पाठीविषयी इतरांना जे कळले ते त्यांनी शर्ट काढला तरच. २०१० मध्ये न्यूयॉर्कला अण्वस्त्रप्रसारबंदी करारावरील परिषदेत त्यांनी आपलेच ते छायाचित्र हाती धरले आणि सभागृहाला सांगितले की मी प्रयोगाचा प्राणी नाही, प्रदर्शनातली वस्तूही नाही, पण तुम्ही माझ्यावरून नजर हटवू नका. टेकडीवरच्या त्या तपासण्या आठवल्या की या वाक्याचा पूर्वार्ध अधिक बोचतो.

कायदा झाला तो मात्र या जखमांकडे पाहून झाला असे म्हणणे कठीण आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि ‘पाचवा भाग्यशाली ड्रॅगन’ या नावाच्या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पांढरी राख पडली. त्यातला वायरलेसवाला सप्टेंबरमध्ये दगावला. बाजारातले मासे किरणोत्सारी असल्याचे कळल्यावर टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सुरू केलेली सह्यांची मोहीम देशभर पसरली आणि तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. रोजच्या ताटातला मासा धोक्यात आला तेव्हा देशाला हिरोशिमा आठवले, असे मी म्हटले तर ते कोणाला कडवट वाटेल. पण घटनांचा क्रम तोच आहे. १९५५ मध्ये हिरोशिमात अणुबॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली, १० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत ‘निहोन हिदान्क्यो’ ही हिबाकुशांची देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षी वैद्यकीय मदतीचा कायदा आला.

त्या कायद्याने दार उघडले आणि त्याच वेळी उंबरठाही घातला. कोण आत, कोण बाहेर, हे ठरवताना नकाशे समोर ठेवले गेले. नागासाकीत ही सीमा जुन्या महापालिकेच्या हद्दीवरून आखली गेली. त्यामुळे मान्य भाग उत्तर-दक्षिण सुमारे १२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ७ किलोमीटर असा लांबुळका झाला, जणू किरणोत्सर्गाने पालिकेची हद्द पाहून पाऊल टाकले. हिरोशिमात स्फोटानंतर पडलेल्या काळ्या पावसात भिजलेल्या, पण आखलेल्या पट्ट्याबाहेर राहणाऱ्या लोकांना जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने हिबाकुशा मानले, तेव्हा ते सत्तरी-ऐंशी ओलांडून गेलेले होते. आईच्या पोटात असताना किरणोत्सर्ग झालेल्या ज्या मुलांची डोकी लहान राहिली आणि बुद्धीची वाढ खुंटली, त्यांच्या आयांना कित्येक वर्षे कुपोषणाचे कारण सांगितले जात होते. १९६५ मध्ये अशा पालकांनी ‘किनोको-काई’ नावाचा छोटा गट उभारला आणि त्यानंतर दोन वर्षांनी सरकारने कारण मान्य केले. त्या आयांची मुख्य चिंता एकच होती: आमच्यामागे याला कोण पाहील.

कोरियन हिबाकुशांचे तर दुहेरी मरण होते. साम्राज्याची प्रजा म्हणून त्यांना कामाला आणले गेले, बॉम्ब त्यांच्यावरही पडला, आणि युद्ध संपताच ते परके ठरले. ओसाकात जन्मलेले आणि हिरोशिमात बॉम्बच्या तडाख्यात सापडलेले सोन जिन-दू १९७० च्या डिसेंबरमध्ये उपचारासाठी बोटीतून चोरून जपानमध्ये उतरले आणि पकडले गेले. तुरुंगवास आणि हद्दपारीची टांगती तलवार सोसत त्यांनी पुस्तिकेसाठी दावा लावला; १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते जिंकले. दरम्यान १९७४ मध्ये सरकारने एक परिपत्रक काढून ठेवले होते की जपानबाहेर पाऊल टाकताच भत्ते बंद. विमानतळावर उतरताना हिबाकुशा, परतीच्या विमानात बसताच नाही, असा हा कारभार. जपानी सैन्यात सक्तीने भरती झालेले आणि पुढे कोरियात शिक्षक झालेले क्वाक क्वी-हून यांनी याविरुद्ध दाद मागितली, आणि डिसेंबर २००२ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने मान्य केले की हिबाकुशा कोठेही राहिला तरी हिबाकुशाच असतो. हिरोशिमातले कोरियन बळींचे स्मारक १९७० मध्ये उभारले गेले तेही उद्यानाबाहेर; ते आत यायला १९९९ उजाडले.

त्सुतोमु यामागुची यांचे प्रकरण या सगळ्यात जवळजवळ विनोदी वाटावे असे आहे. कंपनीच्या कामासाठी ते हिरोशिमात आले होते, तेथे भाजले, जखमांना पट्ट्या बांधून नागासाकीला आपल्या घरी परतले आणि तेथे दुसऱ्या बॉम्बखाली सापडले. त्यांच्याकडे नागासाकीची पुस्तिका होती. हिरोशिमाचीही नोंद अधिकृत व्हावी म्हणून त्यांनी उतारवयात अर्ज केला, आणि मार्च २००९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, ते दोन्ही ठिकाणी होते हे सरकारने मान्य केले. त्यामुळे भत्त्यात काही वाढ होणार नव्हती. पुढच्या जानेवारीत ते गेले.

भत्ता आणि भरपाई यांतला फरक या लोकांनी कधी विसरू दिला नाही. युद्धानंतरच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहात जपानने अमेरिकेकडून भरपाई मागण्याचा हक्क सोडून दिला होता. तेव्हा आता आपल्याच सरकारने द्यावी, असा दावा १९५५ मध्ये काही हिबाकुशांनी लावला. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की बॉम्बहल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होते, पण व्यक्तीला भरपाई मागता येत नाही. आणि जाता जाता राजकारणाच्या दारिद्र्याबद्दल खेदही नोंदवला. १९८० मध्ये सरकारने नेमलेल्या एका समितीने तर लिहून टाकले की युद्धातले नुकसान सर्व नागरिकांनी सारखेच सोसायचे असते. जखमी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना १९५२ पासून वेतने मिळत असताना, घर पाडायला पाठवलेल्या शाळकरी मुलांच्या आईबापांना ‘सारखेच सोसणे’ कसे वाटले असेल?

हा प्रश्न जपानचा अंतर्गत आहे असे म्हणून आपण भारतीयांनी बाजूला होता येत नाही, कारण हिरोशिमाचे महापौर १९६८ पासून प्रत्येक अणुचाचणीनंतर त्या त्या देशाला निषेधाचे पत्र पाठवत आले आहेत आणि त्यांत पोखरणनंतर दिल्लीला पाठवलेलीही पत्रे आहेत. १९९८ च्या मे महिन्यात आपल्याकडे पेढे वाटले जात होते ते दिवस मला आठवतात. आपल्या संसदेत ऑगस्टमध्ये या दोन शहरांतील मृतांना मौन पाळून श्रद्धांजली वाहण्याचा प्रघात आहे, आणि या दोन्ही गोष्टी आपल्याकडे सुखाने एकत्र नांदतात.

१० डिसेंबर २०२४ रोजी निहोन हिदान्क्योच्या वतीने नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना तेरुमी तानाका, वय ९२, ऑस्लोच्या व्यासपीठावर भाषण वाचत होते. तेराव्या वर्षी नागासाकीत त्यांनी घरातली पाच माणसे गमावली होती. बॉम्बने मेलेल्यांसाठी जपान सरकारने कसलीही भरपाई दिलेली नाही, हे वाक्य वाचून झाल्यावर ते थांबले, लिहिलेल्या मजकुराबाहेर आले आणि पुन्हा सांगतो म्हणून तेच वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा उच्चारले. साऱ्या जगाने गौरव करण्याच्या त्या घटकेला त्यांनी आपल्या सरकारची थकबाकी दोनदा वाचून दाखवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

मार्च २०२५ अखेर पुस्तिकाधारक हिबाकुशांची संख्या ९९,१३० होती; ती एक लाखाखाली येण्याची ही पहिलीच वेळ, आणि सरासरी वय ८६ च्या पुढे गेले आहे. एकेकाळी ही संख्या ३ लाख ७२ हजारांवर होती. नोबेल जाहीर होण्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, नागासाकीच्या जिल्हा न्यायालयाने त्या लांबुळक्या हद्दीबाहेरच्या ४४ वादींपैकी १५ जणांना हिबाकुशा मानले आणि उरलेल्यांना नाकारले. सरकारने पुढे एक तोडगा काढला. हद्दीबाहेरच्या या सर्वांना डिसेंबरपासून हिबाकुशांइतकीच वैद्यकीय मदत मिळू लागली, फक्त पुस्तिका आणि तिच्यासोबतचा भत्ता नाही. म्हणजे औषधाचा खर्च सुटला, तपासण्या सुटल्या, व्यवहारात म्हणावे असे भत्त्याखेरीज फारसे काही उरले नाही. तरीही वादींनी अपील केले.